दुसऱ्या अंकातला स्फोट

ओल्द्रिखने टेबलावर सगळं मांडलं,
सोनार मखमलीवर डाग मांडतो तसं:
कागदी पुडीतला लखलखाट, बोटभर भुईनळे,
धुराच्या डब्या,
आणि लोखंडी पिंपात, जाळीखाली उडवायचा मोठा बार.
"पिंप रंगमंचाखाली राहील. आवाज मात्र
बाल्कनीतल्या शेवटच्या म्हातारीच्या बरगड्यांत."

गळ्यात त्याच्या पेटीची किल्ली.
ती फिरवल्याशिवाय इथे काही पेटत नाही.
आंघोळीलाही काढत नाही, बायको सांगते.

नाटक खाणीचं. ऑस्त्रावात आणखी कशाचं असणार?
पहिल्या अंकात लग्न, दुसऱ्यात स्फोट,
तिसऱ्यात फाटकाशी उभ्या बायका.
दिग्दर्शक राडोवान प्रागहून आलेला,
त्याला सगळंच हवं,
वर ठिणग्यांचा पाऊसही.

मी वही उघडली. मला स्वप्नांचे दर विचारायचा पगार मिळतो.
भुईनळा तीन मीटर उडतो, दहा सेकंद;
पहिली रांग रिकामी ठेवायची, म्हणजे अठरा तिकिटं गेली.
बार बुधवारी दुपारी नको,
पेन्शनर येतात, कानांत यंत्रं घालून.
नवरीचा झगा नायलॉनचा, तो आधी बदला.
आणि अग्निशमनचे साहेब येतील,
पडद्याच्या कोपऱ्याला लायटर लावून बघतील,
चेहऱ्यावरची माशी न हलवता.

चाचणी झाली.
छतातली चाळीस वर्षांची धूळ खाली आली.
कॅन्टीनमध्ये ब्लाझेनाच्या हातून सूपचा डाव पडला.
राडोवान एकटाच टाळ्या वाजवत होता.

तिसऱ्या रांगेत विलेम, मांडीवर टोपी.
खाणीतून निवृत्त झालेला,
नटांना कुदळ धरायला शिकवायला बोलावलेला.
तो म्हणाला, "छान आहे.
पण आम्हाला आवाज आला नव्हता."

कुणी विचारलं नाही.
आधी वारा थांबला, म्हणाला.
मग उलटा आला.
कानांत दडे बसले.
खांबांवर आमचे कोट टांगलेले होते,
ते सगळे एका बाजूला वळले,
कुणी हाक मारल्यासारखे.
"आवाज गावाला ऐकू आला. आम्हाला नाही."

ओल्द्रिख मुकाट्याने पुड्या गोळा करू लागला.
"म्हणजे यंदा आपला बार फुसका," म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी उगाच वही चाळत राहिले,
आणि पहिल्या अंकात, लग्नाच्या पानावर,
फोटोवाला उभा दिसला.
त्या काळी तबकात भुकटी पेटवायचे ना रे?
त्याने पुडी परत टेबलावर ठेवली.
"अर्धा ग्रॅम," म्हणाला. "जास्त नको. नवरीच्या पापण्या खऱ्या आहेत."

पहिल्या खेळाला भुकटी पेटली.
नवरी खरंच दचकली, सगळं थिएटर हसलं.
पांढरा धूर सावकाश वर गेला,
आणि डोळे मिटले तरी
वऱ्हाड पापण्यांआड हिरवं उभं राहिलं.

दुसऱ्या अंकात अंधार.
एकच दिवा, अकरा कोट,
दाराखाली जुना पंखा.
कोट वळले.
बस.
एक मुलगा मध्यंतरापर्यंत
कानांत बोटं घालून बसला होता,
न झालेल्या आवाजाची वाट बघत.
विंगेत ओल्द्रिख माझ्या शेजारी,
पेटी केव्हाच बंद, तारा काढलेल्या,
तरी किल्ली मुठीत घट्ट.

रात्री बाहेर बर्फ पडत होता.
गावामागचा खाणीच्या राखेचा डोंगर तेवढा काळाच;
आतून अजून धुमसतो तो, त्याच्यावर बर्फ टिकत नाही.
ट्रामच्या थांब्यावर विलेम भेटला.
नाटकाबद्दल काही बोलला नाही.
ट्राम आली, पायरीवर एक पाय ठेवून वळला,
"तो चौथा कोट उद्या जरा खाली टांगा," म्हणाला.
"बुटका होता तो."