पावणेआठ इंच

चौधरी सरांकडून शाळेतला पृथ्वीगोल मागून आणला,
एका दिवसापुरता. दक्षिण ध्रुवाला पोचा आलेला,
आठ इंच व्यास. आधी टेप लावूनच पाहिली. सवय.

समोर स्टुलावर यमुनाबाई वारके.
मांडीवर रुमालात बांधलेला पासपोर्ट,
ताजी भाकरी आणावी तसा.
"कितलं लांब हाये रे भाऊ, ते टोरांटो?"

भाच्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं होतं:
मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर.
बाईंच्या हातात तो आकडा बसेना.
"साडेबारा हजार तं आमच्या मळ्यात
केळीची खोडं होती एका साली.
सकाळच्या चहाआधी फिरून येत होती मी."

लाल दोऱ्याचं टोक अंगठ्याने मुंबईवर दाबलं,
दुसरं टोक ओढलं पार तिकडे.
भिंतीवरच्या नकाशात तो देश नुसता डावीकडे,
समुद्र ओलांडला की झालं.
पण गोलावर दोरा ताणला, तसा तो आपणहून वर सरकला,
सिंध ओलांडून, रशिया तिरपा कापत,
ग्रीनलंडच्या बर्फावर चढून मग खाली.
विमान कुठून जातं ते विमानवाल्यांना ठाऊक.
ताणलेला दोरा मात्र खोटं बोलत नाही,
तीस वर्षं बघतोय.

टेपवर धरला. पावणेआठ इंच.
"म्हणजे?"
म्हणजे तुमच्या पोलक्याची बाही, बाई.
खांद्यापासून इथवर.
त्यांनी आपल्या दंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

मग वेळेचं. भुसावळहून मुंबई, रात्रभराची गाडी.
पुढे सोळा तास. माझी सहा पोलकी, हूक-काजासकट.
थंडीत निघायचं रविवारी पहाटे दोनला,
उतरायचं तिथे सकाळी साडेसातला. रविवारीच.
"मंग सोळा तास गेले कुठी?"
मी चौधरी सरांचं नाव सांगून मोकळा झालो.

पासपोर्टसाठी आतून खिसा हवा होता, हूकच्या बाजूला.
वजनाला तेवीस किलो, त्यातले चार बिबड्यांचे.
लेकीला तिसरा महिना संपत आला होता
आणि ती फोनवर काही मागत नव्हती.
तेवढ्यावरूनच ह्यांनी तिकीट काढलं.

जाताना उंबऱ्यात थांबल्या.
"येतानाही इतलंच ना रे?"
वारा पाठीशी असतो म्हणे, तास दोन तास कमी.
"हं. धुतल्यावर आटतं तसं."

रात्री दिवा लावून बाही कापली.
दोरा अजून गोलाला चिकटलेला, घामाने की कशाने.
तिकडे जाऊन अंगाने भरतील, नाहीतर झुरतील,
काही सांगता येत नाही.
पावणेआठवर खूण केली,
आणि दोन्ही अंगांना, रोज सोडतो त्याहून जास्त,
इंचभर माया सोडली.