एक नंबर लहान

अकरावीचा वर्ग, डुलूथ, मिनेसोटा.
एप्रिल अर्धा सरला तरी सरोवराच्या कडेला बर्फाचा चुरा,
आणि खनिजाचं जहाज पुलाखालून जाताना
असा भोंगा वाजवतं
की मला वाक्य मध्येच सोडावं लागतं.

वाक्य कादंबरीतल्या मुलाचं. वय सोळा.
दोनशे पानं तो एक नंबर लहान बूट घालून चालतो.
लंगडतो. विचारलं तर सांगतो, जिन्यावरून पडलो.
ओठावर मिसरूड, तरी तिकिटाच्या खिडकीशी वय अकरा.
मोठ्या माणसांना तो भाडेकरू म्हणतो,
स्वतःच्याच घरात दबकून राहणारे,
खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारणारे.

मी फळ्यावर लिहिते: बूट म्हणजे काय?
सतरा वर्षं हाच प्रश्न, आणि उत्तरंही तीच.
बालपण, मिस. भीती. समाज.
सांगणाऱ्यांचे पाय बाकाखाली मावत नाहीत.
मग मीही शिंगं मोडून वासरांत शिरते,
म्हणते, मलासुद्धा मोठं व्हायचं नव्हतं बरं का.
खोटं. मला तर घाई होती.
कऱ्हाडला, ताईची साडी पिना लावून नेसले होते मी,
कपाटाच्या दारावर खडूनं पाढे लिहून
उशांना छड्या मारल्या होत्या.

मागच्या बाकावरचा ईलाय कोस्केला,
ज्याचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकलेला,
म्हणाला, बूट म्हणजे काही नाही.
त्याला दुकानात जायचं नाहीये, एवढंच.
दुकानात पाय मोजतात.

कुणीतरी हसलं.

तो बाकाशीच बोलला:
बाबांचे बूट मला मार्चमध्ये बसले.
बर्फ काढायला घातले होते. बसले.
मग पुसून होते तिथे ठेवून दिले.

आमच्याकडे म्हणतात, बापाची चप्पल लेकाच्या पायात आली
की त्याला मित्रासारखं वागवावं.
हे मी मनात इंग्रजीत जुळवत आणलं,
तोंडाशी आलं,
तेव्हा आठवलं, नोव्हेंबरात ऑफिसातून एक चिठ्ठी आली होती
आणि ती फाइलला मीच लावली होती.
बाहेर जहाज वाजलं. बरं झालं.

चाचणीचा प्रश्न होता:
नायकाची मोठं होण्याची भीती, दोन उदाहरणांसह.
ईलायच्या कागदावर एकच ओळ.
'शेवटच्या पानावर तो अनवाणी आहे, कुणी पाहिलं का?'

स्टाफरूममध्ये उभ्यानंच पुस्तक उघडलं.
खालून चौथी ओळ. 'फरशी गार होती.'
कुणाला, कशाला, काही नाही. फरशी गार होती.
सतरा वर्षं या ओळीवरून मी
बूट घालून चालत गेले होते.
किती गुण द्यायचे? पेन्सिलीनं आकडा घातला,
खोडला, कागद पिशवीत ठेवला.

घरी दारात निषादचे बूट,
घरातले सगळ्यांत मोठे, एक उताणा.
तो जेवायला बसलेला, कानात काहीतरी खुपसून.
मी भाताचा डाव उचलला
आणि रोजच्यासारखं विचारलं, वाढू का?
विचारलं, आणि हात तिथेच राहिला.
तो शब्द आज मला दोनदा ऐकू आला.

थोडंच, तो म्हणाला,
मान वर न करता.