माया

नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.
उतरल्यावर आई अलीकडच्या अर्ध्यावर टेकली,
मांडीवर पिशवी,
पिशवीत सात मीटर पांढरं.

सुरतेच्या दुकानात पोरगा ठाणावर ठाण उलगडत होता:
सॅटिन, टॅफेटा, ऑर्गेन्झा, जाळीवर मणी.
"ट्रेल किती फुटांचा, दीदी?"
मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला.
संगमरवरी पायऱ्यांवर कुणीतरी परदेशी बाई,
आणि ती पोचली तरी
तिचं कापड अजून पायऱ्या उतरतंय.
आमच्या चर्चला पायऱ्या तीनच.
पुढे मुरूम, मग भात काढलेलं रिकामं शेत,
त्यात मांडव,
आणि एप्रिल.

नेट बोटांवर घेतली
तर वॉर्डातली गॉजच आठवली,
सहा वर्षं रोज कापतेय, चौकोनी.
सॅटिन छान होतं, गार होतं,
पण घाम पीत नाही ते, नुसता दाखवतं.

आई बोलली नाही.
तुरीची डाळ पारखावी तशी
अंगठ्याबोटात एकेक ठाण चोळत गेली
आणि एकावर हात ठेवला तो उचललाच नाही.
कॉटन-सिल्क.
"यात घेर फुलणार नाही, मावशी."
"पोरगी मावली म्हणजे झालं."

तिच्या लग्नाची पांढरी वायल
मी अख्खी कधी पाहिली नाही.
पाहिली ती सुटी सुटी:
योसेफची झोळी,
रविवारच्या शाळेतल्या खिडकीचा पडदा,
दुधाचं गाळणं,
आजा गेला तेव्हा त्याच्या तोंडावरचा हातभर तुकडा.

सुपडू शिंप्याने गळ्यातला टेप काढला.
आजवर गाऊन शिवले तीन,
तिन्ही फोटोबरहुकूम, तिन्ही ट्रंकेत पडून, तोच म्हणाला.
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत,
"तुले नाचनं शे का नुसतं फोटूमा उभं ऱ्हावानं शे?"

नाचायचंय, म्हटलं.
रात्रभर, रांगेत, कमरेला हात घालून.

मग ट्रेल गेला.
बाह्या कोपरापाशी थांबल्या.
गळा बंद झाला, पुन्हा थोडा उघडला.
घेर घोट्याच्या वर आला, मुरमाला न टेकेल इतका.
योनाला चालेल का, हे विचारायचं राहूनच गेलं.
मी खिसा मागितला.
नवरीच्या गाऊनला खिसा!
सुपडू हसला, पण खडूने खूण केली.

आई तोवर दारात, चपला शोधत.
तिथूनच म्हणाली,
"दोन्हीकडून माया ठेव भाऊ. दोन दोन बोटं."
"इतली? पोर तं बारीक शे."
"आज शे."

पावतीवर त्याने लिहिलं: पांढरा गाऊन, नग एक.
त्याखाली, अक्षर बारीक करून, माया.
आम्ही पानाच्या टपरीपर्यंत पोचलो असू,
आई मागे वळली
आणि भर रस्त्यातून ओरडली,
"चिंध्या फेकू नको रे!"