रिकामा रकाना

अशोक चौकातल्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
कॉम्प्युटरसाठी एसी आहे.
मे महिन्यात आम्ही तासाआधीच येऊन बसतो.
अभ्यासाची गोडी, असं शिपायाला वाटतं.

आज हिप्परगी मॅडमनी टेबल बांधायला दिलं,
घरच्या माणसांचं.
नाव, जन्मतारीख, काम.
आणि प्रत्येक ओळीला एक किल्ली,
जी दुसऱ्या कुणाची असता कामा नये.

धाकट्या भावाची ओळ झाली. माझी झाली.
आईपाशी अडले.
विडी कारखान्याच्या कार्डावर नरसाबाई,
रेशनवर नरसव्वा,
आजोळच्या तोंडी नुसती नरसी.
काम : पंचवीसचा एक कट्टा, असे चाळीस,
छाट निघाली तर तेवढे पुन्हा.
जन्मतारीख विचारायला फोन केला
तर म्हणाली, गिरणीचा भोंगा थांबला
तेव्हा मला सूप मांडीवर धरता येत होतं.

मी शून्य भरलं. मशीननं घेतलं नाही.
मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही निघालं नाही.
इथं कुणी मोजलंच नाहीये, गं.
त्याला नल म्हणतात.

मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून
आईला सांगितलं, तुझ्यापुढे नल टाकलंय.

नल्ला?
आज कुठला नल्ला, म्हणाली,
आपला वार शनिवार.
घागरी घासून ठेव.

शनिवारी पाणी पहाटे तीनला.
पेपर नऊला.