तिसऱ्याची जागा

पेइनेच्या शाळेत आवर्तसारणीचा एकच तक्ता,
खालच्या दोन ओळी उन्हाने पार विटलेल्या.
तेवढी जड मूलद्रव्यं आमच्याकडे कुणी मागतही नाही.
मी पट्टी टेकवते डाव्या कडेला,
हायड्रोजनच्या पायाशी : लिथियम.
आतल्या कवचात दोघांचीच सोय.
तिसरा आला की त्याने बाहेर राहायचं.
शिक्षा नव्हे. जागा नाही.

अकरा मुलं वहीत वर्तुळं काढतात,
कुणाचं अंड्यासारखं, कुणाचं टोकाला टोक न मिळणारं.
येसेनिया, आठात एक कमी असल्यासारखी,
शेजारणीची पेन्सिल ओढते ती परत द्यायचं नाव नाही;
रुफिनो खिडकीशी, राजवायू,
ना कुणाचं घेणं ना कुणाचं देणं.

यांच्या आधी, सहा वर्षं झाली, एलिसेओ होता
मागच्या बाकावर, एक पाय कायम बाकाबाहेर.
त्याने विचारलं होतं,
"बाई, त्याचा एक गेला ना?
मग डोक्यावर अधिकचं चिन्ह कशाला?"
मी हिशेब मांडला. तीन धन, दोन ऋण,
उरला एक धन.
"हं," म्हणाला. पटल्यासारखं नव्हे.

त्याच्या घरी आतल्या खोलीत डोमितिला आणि कासिमिरो,
हा झोपायचा अंगणातल्या पत्र्याखाली.
एकोणिसाव्या वर्षी टँकरवर लागला.
सालारच्या तळ्यांतलं पाणी वर्षभर ऊन खातं,
निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं,
तेलासारखं दाट झालं की
तो ते घेऊन अंतोफागास्ताला उतरतो, समुद्राकडे.
त्या पिवळ्यात लिथियम आहे, पण तिसऱ्यावाचूनचं.
तिसरा कधीचाच दुसऱ्याच्या घरी गेलेला,
फ्लेमिंगो इथे यायच्याही आधी.

डोमितिलाचा प्लग सैल. दर रविवारी
ती माझ्याकडे फोन चार्ज करायला येते.
मी तिला सांगत नाही की आतही तेच चाललंय :
इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने जातो,
लिथियम आतल्या आत त्याच्या मागावर,
पलीकडे दोघं भेटल्यासारखे होतात
आणि आपण प्लग लावून
त्यांना पुन्हा माघारी धाडतो.
ती एवढंच विचारते, "भरला का?"

मग एलिसेओ दोन मिनिटं बोलतो.
मागे वारा, कुणाचा तरी हॉर्न.
नवा पत्रा पोचला का?
पोचला. कासिमिरोने अजून चढवलेला नाही.

काल मी फळ्यावर लिथियमच्या डोक्यावर अधिक काढलं
आणि जरा थांबले, कुणी विचारतंय का बघत.
कुणी विचारलं नाही.
वह्या तपासताना येसेनियाच्या पानावर दोनच ठिपके.
तिसरा? म्हटलं.
तिने बोट दाखवलं. कागद ओलांडून,
बाकाच्या लाकडावर, पेन्सिल दाबून दाबून काढलेला.
"वर्तुळ मोठं झालं, बाई."
पेन्सिल अर्थात तिची नव्हतीच.