मानस

रायबंदरच्या फेरीत ब्रेंडननं लॅपटॉप उघडला
आणि मांडवी ओलांडून चोडण येईतो
सात ओळींत सर्व्हर उभा केला.
"बघ," म्हणाला, "हाक मारली, ओ आली. आणखी काय हवं?"
पडद्यावर एकच शब्द होता: आहे.

कूळ संघाला हवी होती एक यादी.
एकशे बारा नावं, खाजनातला कुणाचा कुठला तुकडा,
मानशीच्या पावणीत कोण कितीला बोलला,
बांधाला चिखल कुणी घातला, किती दिवस.
उल्हासबाब म्हणाले, "साधं काहीतरी करा.
वही होतीच आमची. तिला वाळवी लागली, म्हणून तुम्ही."

मी मोठ्या फ्रेमवर्कच्या बाजूची. मी त्याला चौकट म्हणते.
राहायला जाण्याआधीच तिच्यात खोल्या ठरलेल्या,
इथे डेटा, इथे वाटा,
इथे दारावर नाव-गाव विचारणारा माणूस,
आणि ज्या खोलीत आपण कधीच पाय ठेवणार नाही
तिथेही दिवा जळतो.
ब्रेंडनला ते सोसत नसे.
"तीन पाटल्या सुंगटांना ट्रॉलर कशाला?"
मला उत्तर सुचलं नाही. फेरी धक्क्याला लागली होती,
सगळ्या स्कूटर एकदम सुरू झाल्या.

म्हणून छोटी घेतली.
पहिला महिना खरंच सुखाचा,
सगळं एका फाइलीत, एका नजरेत.
मग उल्हासबाबांना पावती हवी झाली.
मग दोन प्रेमानंद निघाले, दोघेही नाईक,
दोघांच्याही बापाचं नाव पुतू.
मग पावणीचा आकडा रात्रीतून बदलला.
कुणी बदलला ते यंत्राला सांगता येईना,
लक्षात ठेवायला आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.
लॉगिन मी लिहिलं, एका रविवारी, घाईत.
कुर्लीनं बांधात बीळ पाडावं तशी त्यात चूक राहिली:
वरती गवत हिरवं, आतून खारं पाणी चालू.

चवथीपर्यंत चौतीस फायली झाल्या.
नावं ब्रेंडनच्या मनातली:
नवीन, नवीन-खरं, शेवटचं-दोन.
म्हणजे मोठीच चौकट झाली की आमच्या हातून,
फक्त तिरकी, आणि नकाशा एकाच डोक्यात.
ते डोकं ऑक्टोबरात लिस्बनला गेलं.

मी एकटी गेले मानशीपाशी.
ओहोटी होती. बांधातली लाकडी दारं
आपसूक उघडली होती, कुणी ढकलली नव्हती.
बाबुसो मांद्रेकर जाळं सोडत होता.
सांगायला गेले नव्हते, तरी सांगितलं त्याला
लहान चौकट, मोठी चौकट, सगळंच.
त्यानं मान हलवली, बहुधा जाळ्याकडे बघून.
मग माझ्या मोबाइलकडे बोट केलं:
"म्हजे तीन दीस हांगा दिसतात?"

मे महिन्यात बांध फुटला तेव्हाचे तीन दिवस,
कमरेएवढ्या चिखलातले.
शोधले. नव्हते.
पुसले गेले, की दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढले,
तेही कळायची सोय नव्हती.

या वेळी मोठी घेतेय.
पाच खोल्यांना कुलूप, उरलेल्या झाडून घेईन.
ब्रेंडनला कळवलं. त्यानं नुसता अंगठा पाठवला,
त्याचा अर्थ मी लावत बसले नाही.
सात ओळी जपून ठेवल्यात.
एखाद्या गावाला खरंच फक्त भरतीची वेळ हवी असेल,
तिथे त्या पुरतील.

आज पहिली नोंद हातानं भरली:
बाबुसो मांद्रेकर. तीन दिवस. चिखल, पेंढा.
आणि तिच्याखाली, मी काही न लिहिता,
चौकटीनं आपणहून लिहिलं
कुणी भरलं, किती वाजता.