झाकण

दहीपुलाच्या चढावर, घड्याळवाल्याच्या माळ्यावर
दस्तगीर कोकणी फडक्यावर दोन भिंगं ठेवतात.
दोन्ही एकवीस मिलिमीटर. नजर सारखीच रुंद.
एक लिंबाएवढं. दुसरं पुढून फुगलेलं,
तांबट गल्लीतल्या घंगाळासारखं.

मी लिंबाएवढं उचलते,
माझ्या एसएलआरला लावू बघते.
"थांब. आरसा फुटेल."

मग वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिल:
ही फिल्म. तिच्यापुढं तिरका आरसा.
आरशाला उठायला लागणारी दोन बोटं जागा.
"आणि या भिंगाला तर बसायचंय
फिल्मच्या अगदी कानाशी.
म्हणून दुसरं केलं. दाराबाहेर उभं केलं त्याला,
उलटी दुर्बीण करून.
त्यापायी एवढ्या काचा, एवढं ओझं,
तरी काठाची भिंत पोट काढतेच."

लिंबाएवढ्याला आडवं कुणी नाही.
पुढं जसं, मागं जवळपास तसंच,
एक अर्ध दुसऱ्याची चूक फेडतं.
सरळ रेघ सरळ राहते. फक्त कोपरे सावळतात.

"मग हेच बरं की, चाचा."

ते हसत नाहीत.
एकोणसत्तरचा पूर. होळकर पूल. वय वीस.
भावाचा रेंजफाइंडर, त्यावर हेच भिंग.
दुतोंड्या मारुती कधीच पाण्याखाली,
आणि या काठापासून त्या काठापर्यंत गोदावरी
एका चौकटीत मावलेली,
भिंगाच्या डोक्यावर बसवलेल्या खिडकीतून लख्ख:
वाहत चाललेली कणगी,
कणगीवर एक कोंबडी, उभी.
छत्तीस वेळा बटण दाबलं.

झाकण काढलंच नव्हतं.

खिडकी वेगळी ना. तिला काय ठाऊक
खालच्याचे डोळे बांधलेत ते.

"तुझ्या कॅमेऱ्यात अंधार दिसला असता. कळलं असतं.
पण तुझ्यात..." बोट वर उडवतात, आरशासारखं, खट्,
"नेमकी त्याच वेळी तू आंधळी.
फिल्म बघते. तू नाही."

खालून चहाची हाक येते. ते जात नाहीत.
खणातून पत्र्याची डबी काढतात, ती निगेटिव्ह
बल्बकडे नाही, खिडकीकडे धरतात.
कोरी. जरा धुरकट, बाकी काचच.
तिच्यातून समोरचं भांड्यांचं दुकान दिसतं,
स्कूटर पुसणारा मुलगा दिसतो.

दस्तगीर नखानं चौकटी मोजतात.
अकराव्यावर थांबतात.
"ही बघ," म्हणतात, "इथं. कोंबडी."